घराला आधी हलता येऊ द्या, मग विचार करू द्या

तुम्ही विचारले आहे की, नवे घर बांधताना डिजिटल तंत्रज्ञानाच्या मदतीने ते हवामान, दिवसाची वेळ आणि घरातल्या माणसांच्या बदलत्या गरजा यांप्रमाणे आपोआप बदलणारे करता येईल का, सुरुवात कुठून करावी, आणि यातले खरे किती व दिखाऊ किती. घरात तुम्ही दोघे, दोन लहान मुले आणि वृद्ध आई असणार आहात, आणि नकाशे अजून अंतिम झालेले नाहीत, असेही तुम्ही कळवले आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच शेवटची आहे. घरे आखण्याच्या आणि त्यांतल्या नियंत्रण यंत्रणा चालू करून देण्याच्या कामात माझी पंचवीस वर्षे गेली, आणि या काळात माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात सापडले नाही, ते नकाशात सापडले.

फोनवरून दिवे लावणे किंवा बोलून पंखा चालू करणे याला मी प्रतिसादी वास्तुरचना म्हणत नाही. ते दूरनियंत्रण झाले, फक्त बटणाची जागा बदलली. घर प्रतिसाद देते असे म्हणायचे तर घराच्या एखाद्या भागाची भौतिक अवस्था बदलली पाहिजे: खिडकी उघडली पाहिजे, ऊन काचेबाहेर अडले पाहिजे, एका खोलीच्या दोन खोल्या झाल्या पाहिजेत. काय बदलू शकते हे रचना ठरवते. केव्हा आणि किती बदलावे, एवढेच संगणक ठरवतो. पश्चिमेला न उघडणारे भले मोठे तावदान बसवून ठेवले, तर जगातला सर्वांत हुशार कंट्रोलरसुद्धा (घराची उपकरणे चालवणारा छोटा संगणक) एकच काम करू शकतो, ते म्हणजे वातानुकूलन यंत्र आणखी जोरात चालवणे.

बदलत्या घराची कल्पना संगणकाहून जुनी आहे. नेदरलंड्समधील उत्रेख्त येथे १९२४ साली वास्तुविशारद गेरिट रीटफेल्ड यांनी त्रूस श्रोडर यांच्यासाठी बांधलेल्या घराचा वरचा मजला सरकत्या पडद्या-भिंतींनी दिवसा एक सलग दालन होतो आणि रात्री निरनिराळ्या खोल्यांत विभागला जातो. त्यात ना सेन्सर आहे ना मोटार. खोल्या माणसांच्या हातांनीच बदलतात. तिथून अर्धशतक पुढे, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, वास्तुविशारद सेड्रिक प्राइस यांनी अमेरिकेतील फ्लोरिडासाठी ‘जनरेटर’ नावाचा प्रकल्प आखला. हलवता येतील असे घनाकार कक्ष, त्यांत बसवलेली इलेक्ट्रॉनिक्स आणि रहिवाशांनी बराच काळ काहीच बदलले नाही तर ‘कंटाळून’ स्वतःच नवी मांडणी सुचवणारा संगणक, अशी ती कल्पना होती. ही संगणकीय बाजू जॉन आणि ज्युलिया फ्रेझर यांनी सांभाळली. प्रकल्प बांधला गेला नाही. तरीही घराला स्वतःचे मत असावे का, हा प्रश्न तिथे प्रथम इतक्या स्पष्टपणे मांडला गेला असे मला वाटते. तिसरे उदाहरण घर नाही, पण धडा घरासाठीच आहे. पॅरिसमधील अरब जग संस्थेच्या १९८७ साली उघडलेल्या इमारतीच्या दक्षिण दर्शनी भागावर वास्तुविशारद जाँ नुव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या झडपेसारख्या उघडमिट करणाऱ्या असंख्य धातूच्या पाकळ्या बसवल्या. पाकळ्या सुंदर आहेत, परंतु त्यांतल्या पुष्कळशा काळाच्या ओघात निकामी होत गेल्या. हलणाऱ्या भागांची संख्या जितकी जास्त, तितकी देखभाल जास्त, हे गणित कोणत्याही सॉफ्टवेअरने बदललेले नाही.

डिजिटल तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त फायदा घर उभे राहण्याआधी मिळतो. वर्षाचे ८,७६० तास असतात. तुमच्या जागेची हवामान-फाइल, म्हणजे वर्षभराच्या तासागणिक हवामानाच्या नोंदी, घेऊन एनर्जीप्लससारख्या संगणक-प्रणालीत घराचे प्रारूप, म्हणजे संगणकावरची प्रतिकृती, चालवले, तर यांपैकी प्रत्येक तासाला प्रत्येक खोलीत काय तापमान असेल आणि कोणत्या खिडकीतून किती ऊन येईल याचा अंदाज मिळतो. माझा नियम असा आहे की हे प्रारूप प्रथम कोणत्याही स्वयंचलित भागाशिवाय चालवायचे. भिंतीची जाडी, खिडक्यांची दिशा, छज्जा आणि समोरासमोरची दारे-खिडक्या एवढ्यावर किती तास सुखाचे जातात ते पाहायचे आणि उरलेल्या तासांकडे बोट ठेवून विचारायचे, ‘इथे काय हलले असते तर फरक पडला असता?’ बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर दोन-तीन ठिकाणांपुरतेच निघते. मोटारींवरचा खर्च त्या दोन-तीन ठिकाणी करावा, बाकी घर शांत राहू द्यावे.

उन्हाचेच घ्या. आकाशात सूर्य तासाला १५ अंश सरकतो. भर दुपारी तो उंच असताना आडवा छज्जा उत्तम काम करतो. सायंकाळच्या तिरप्या उन्हापुढे तोच छज्जा निरुपयोगी ठरतो. पश्चिमेकडे म्हणूनच उभ्या, फिरणाऱ्या पट्ट्यांच्या झडपा लागतात, आणि त्या काचेच्या बाहेर लागतात. आतला पडदा प्रकाश अडवतो, पण तोवर ऊन काचेतून आत येऊन गेलेले असते आणि पडदा स्वतः तापून ती उष्णता खोलीतच सोडतो. हा साधा फरक माहीत नसल्यामुळे महागड्या मोटारींवर चालणारे आतले पडदे बसवून घर थंड होण्याची वाट पाहणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. विजेवर रंग बदलणाऱ्या काचेबद्दलही हल्ली खूप विचारणा होते. या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक प्रकार अल्प दाबाच्या विजेवर हळूहळू गडद होतो, मोठ्या काचेला त्यासाठी काही मिनिटे लागतात, आणि तो खरोखर ऊन अडवतो. दुसरा प्रकार क्षणात दुधी होतो, पण तो मुख्यतः खासगीपणासाठी आहे, त्याने उष्णतेत विशेष फरक पडत नाही. शिवाय तो पारदर्शक राहण्यासाठीच वीज घेतो, म्हणजे वीज गेली की काच दुधी. स्नानगृहाला तो चालेल, दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीला चालणार नाही.

बाहेरच्या झडपांची माझीच एक फसलेली गोष्ट सांगतो. एका घराच्या पश्चिमेला आम्ही प्रकाश-सेन्सरवर चालणाऱ्या झडपा बसवल्या. ठरवलेल्या पातळीपेक्षा ऊन वाढले की मिटायच्या, कमी झाले की उघडायच्या. कागदावर नियम चोख होता. पहिल्याच ढगाळ दुपारी आकाशात तुटक ढग धावू लागले आणि झडपा दर चार मिनिटांनी करकरत उघडू-मिटू लागल्या. मालकीणबाई लेखनाचे काम करत. खिडकीशेजारी त्यांचे टेबल होते. आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा झडपेच्या दांड्याला सुतळी बांधलेली होती आणि मोटारीचा फ्यूज टेबलावर पेपरवेटसारखा ठेवलेला होता. त्या दिवसापासून मी मिटण्याची आणि उघडण्याची पातळी कधीही एक ठेवत नाही. ऊन वरच्या पातळीपलीकडे पाच मिनिटे सलग राहिले तरच झडप मिटते. उघडण्यासाठी ते बऱ्याच खालच्या पातळीवर अर्धा तास सलग राहावे लागते. आणि एका दुपारी झडप किती वेळा हलू शकते यालाही मर्यादा असते. नियंत्रणशास्त्रात या दोन पातळ्यांमधल्या अंतराला विशेष नाव आहे, मी ग्राहकांना त्याला ‘घराचा संयम’ म्हणून सांगतो. वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की झडपांनी सुरक्षित स्थितीत जावे, हा आदेश मात्र संयमाला अपवाद असतो आणि तो बाकी सर्व आदेशांच्या वर असतो.

तापमानाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण इथे ‘योग्य’ म्हणजे काय हेच पक्के नाही. डॅनिश संशोधक पोव्हल ओले फँगर यांनी १९७० साली मांडलेल्या प्रारूपात माणसाला वाटणारे सुख सहा गोष्टींवर अवलंबून असते: हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. भिंतीवरचा थर्मोस्टॅट यांतली जेमतेम एक गोष्ट मोजतो. तापलेल्या छताखाली हवा २५ अंश असूनही माणूस का वैतागतो, याचे उत्तर उरलेल्या पाचांत आहे. पुढे १९९८ साली रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रॅगर या संशोधकांनी दाखवून दिले की ज्या इमारतींत लोक स्वतः खिडक्या उघडू शकतात तिथे त्यांना चालणारे तापमान बाहेरच्या हवामानाबरोबर बदलते. अमेरिकेतील ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात ते एका सोप्या सूत्राने येते: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणावे आणि त्यात १७.८ मिळवावेत. बाहेरची सरासरी २० अंश असेल तर उत्तर २४ येते. ३० असेल तर २७.१ येते. म्हणजे बारा महिने २४ वर बांधून ठेवलेले घर हे अचूक घर नव्हे, हट्टी घर आहे. हे सूत्र यांत्रिक शीतकरणाविना, खिडक्यांवर चालणाऱ्या जागांसाठीच आहे हे विसरू नये. पण तुमच्या घराच्या कंट्रोलरमध्ये ‘यंत्र केव्हा सुरू करायचे नाही’ हे ठरवायला ते फार उपयोगी पडते.

खिडक्यांच्या स्वयंचलनात मी सर्वाधिक रस घेतो, आणि सर्वाधिक चुकाही तिथेच झालेल्या पाहतो. जाड भिंतीतून दिवसाची उष्णता आत पोचायला बरेच तास लागतात, त्यामुळे भिंती रात्री उष्णता सोडत राहतात. तीच वेळ बाहेरची गार हवा आत घेऊन भिंती थंड करण्याची असते. नियम सोपा वाटतो: बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा दोन अंशांनी कमी झाले की खिडक्या उघडा. मग कोणीतरी त्यात आर्द्रता मिळवतो आणि म्हणतो, बाहेरची आर्द्रता आतल्यापेक्षा जास्त असेल तर उघडू नका. इथे गोची होते. सेन्सर सापेक्ष आर्द्रता दाखवतो, हवेतले खरे पाणी दाखवत नाही. बाहेर १८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे १३.८ ग्रॅम बाष्प असते. आत २७ अंश आणि ६० टक्के असेल, तर सुमारे १५.५ ग्रॅम. म्हणजे ९० टक्क्यांची हवा ६० टक्क्यांच्या हवेपेक्षा कोरडी आहे, आणि टक्क्यांची तुलना करणारा कंट्रोलर घराला सर्वांत चांगल्या रात्री बंद करून ठेवतो. तुलना दवबिंदूंची करावी, म्हणजे हवा ज्या तापमानाला थंड झाल्यावर तिच्यातले बाष्प दवासारखे जमू लागते त्या तापमानांची. हिशेब दोन ओळींचा आहे, तरी तो मला तयार मिळणाऱ्या ॲपमध्ये क्वचितच आढळला आहे.

हवेच्या ताजेपणासाठी कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर वापरतात. बाहेरच्या हवेत तो सध्या दर दहा लक्ष भागांत ४२० च्या पुढे आहे, आणि खोलीसाठी १,००० ची मर्यादा जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच सुचवली होती. दारे-खिडक्या बंद करून दोघे झोपले तर पहाटेपर्यंत आकडा सहज २,००० ओलांडतो. सेन्सर घेताना तो अवरक्त किरणांनी हा वायू प्रत्यक्ष मोजतो की इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतो, हे विचारून घ्यावे. अंदाज बांधणाऱ्या सेन्सरजवळ अत्तर फवारले तरी खोलीत जणू वीस माणसे शिरली असे तो सांगतो आणि खिडक्या धाडधाड उघडतात. प्रत्यक्ष मोजणाऱ्या सेन्सरची खोड वेगळी आहे. त्यांतले बरेचसे गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असे गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतात. आईंच्या खोलीत माणूस कायम असेल आणि ती खोली कधीच पूर्ण हवेशीर होत नसेल, तर हा सेन्सर हळूहळू कमी आकडे दाखवू लागेल. अशा खोलीसाठी ती स्वयंसुधारणा बंद ठेवून वर्षातून एकदा सेन्सर मोकळ्या हवेत नेऊन जुळवून आणावा.

माणूस खोलीत आहे की नाही हे ओळखण्याबाबत थोडक्यात. सर्वत्र मिळणारा उष्णता-संवेदी सेन्सर हलणारे ऊबदार शरीर पाहतो. वाचत स्थिर बसलेला माणूस त्याच्या लेखी गैरहजर असतो, आणि मग पुस्तक वाचणाऱ्याला दर दहा मिनिटांनी दिव्यासाठी हात हलवावा लागतो. सूक्ष्म तरंगांचा रडार-सेन्सर छातीच्या श्वासाइतकी हालचालही टिपतो, पण फिरता पंखा आणि हलता पडदा त्याला माणसासारखे भासू शकतात. मी जिन्यावर, मार्गिकेत आणि स्नानगृहात पहिला, बसण्या-झोपण्याच्या खोल्यांत दुसरा, असे वाटून घेतो. निजायच्या खोलीत कोणत्याही सेन्सरला मुख्य दिवा लावण्याचा अधिकार देत नाही. पलंगापासून स्नानगृहापर्यंत पायाच्या उंचीवर मंद, पिवळसर उजेडाची रेघ तेवढी उमटावी. आईंसाठी ही एक गोष्ट घरातल्या इतर सर्व डिजिटल सोयींपेक्षा अधिक उपयोगाची ठरेल.

आता खोल्यांच्या बदलत्या रचनेकडे येतो. मुले आज एका खोलीत खेळतील, सहा-सात वर्षांनी प्रत्येकाला स्वतःचे दार हवे असेल, आणि ती घराबाहेर पडली की तुम्हाला पुन्हा एक मोठी खोली हवी असेल. मोटारीवर चालणारी भिंत यासाठी बहुधा अनावश्यक असते. रोज हलणारी भिंत आणि दहा वर्षांत दोनदा हलणारी भिंत या वेगळ्या वस्तू आहेत. रोजच्या वापरासाठी वरच्या रुळाला टांगलेली सरकती भिंत पुरते. तिचे वजन पेलणारी तुळई आधीच आखावी लागते, आणि तिच्या वर फॉल्स सीलिंगच्या पोकळीत ध्वनिरोधक अडसर घालावा लागतो, नाहीतर आवाज भिंतीच्या डोक्यावरून पलीकडे जातो. डिजिटल तंत्राचे काम इथे वेगळेच आहे. मध्यंतरी केलेल्या एका घरात रुळाच्या टोकाला मी शेंगदाण्याएवढा चुंबकीय स्विच बसवला. भिंत पूर्ण सरकली की स्विच जुळतो आणि कंट्रोलरला कळते की आता एका खोलीच्या दोन झाल्या आहेत. त्याच क्षणी छतातले आठ दिवे चार-चारांच्या दोन गटांत विभागले जातात, पूर्वेच्या भिंतीवरचे बटण पूर्वेच्या गटाचे होते आणि पश्चिमेचे पश्चिमेच्या. हवेचा आणि तापमानाचा हिशेबही दोन्ही बाजूंना स्वतंत्र सुरू होतो. भिंत उघडली की सारे पुन्हा एक. हे शक्य झाले कारण दिवे ‘डाली’ या पद्धतीने जोडलेले होते: एका तारेवर ६४ दिव्यांपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता असतो आणि गट तारांनी न ठरता नोंदीने ठरतात. घरातल्या धाकट्या मुलाला भिंत सरकवून बटणांची ‘मालकी’ बदलताना पाहण्याचे वेड लागले होते. आपोआप बदलणारे घर याहून फार वेगळे नसते.

या सगळ्याला आधार देणारा विचार असा की घर म्हणजे एकच वस्तू नव्हे, वेगवेगळ्या आयुष्याचे थर आहेत. डच वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांनी १९६१ सालीच टिकाऊ सांगाडा आणि बदलता अंतर्भाग वेगळे ठेवण्याची मांडणी केली. पुढे ब्रिटिश वास्तुविशारद फ्रँक डफी यांनी इमारतीचे थर मोजून दाखवले: सांगाडा ५० वर्षे किंवा अधिक, नळ-तारा-वायुनलिका साधारण १५ वर्षे, अंतर्गत मांडणी पाच-सात वर्षे, आणि सामान तर दर काही दिवसांनी हलते. यात आता सॉफ्टवेअरचा थर भरा, ज्याचे आयुष्य महिन्यांत मोजावे लागते. २०१६ साली घरगुती उपकरणे चालवणाऱ्या एका नियंत्रकाची दूरस्थ सेवा उत्पादकाने बंद केली आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांच्या हाती निर्जीव डबी राहिली. वर्षभर टिकणारा थर पन्नास वर्षांच्या भिंतीत लिंपून टाकू नये, एवढेच तत्त्व मी काटेकोर पाळतो. सेन्सर बसतो तिथे गोल जंक्शन बॉक्स असावा, त्यातून निघणारा कन्ड्युट (तारा नेणारी नळी) एका मध्यवर्ती पेटीपर्यंत सलग जावा, त्यात पुढे नवी तार ओढून घेण्यासाठी ओढदोरी सोडलेली असावी, आणि निम्मी जागा रिकामी असावी. प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल तार आणि नेहमीपेक्षा खोल पेटी असावी. आज साधे बटण बसवले तरी उद्याचे उपकरण तिथे प्लास्टर न फोडता बसते. प्रत्येक खिडकीच्या चौकटीत वरच्या बाजूला मोटारीसाठी वीज आणि नियंत्रणाची तार पोचलेली असावी, मोटार पाच वर्षांनी घेतली तरी हरकत नाही.

तारेने जोडावे की बिनतारी, यावर वाद चालूच असतो. माझे मत सरळ आहे: जे भिंतीला चिकटलेले आहे ते तारेने जोडा, जे उचलून इकडेतिकडे नेता येते ते बिनतारी ठेवा. तारेच्या पद्धतींत केएनएक्स ही युरोपात रुजलेली आणि आंतरराष्ट्रीय मानक बनलेली पद्धत आहे. तिच्यात कोणताही एक मुख्य संगणक नसतो, बटण आणि झडप एकमेकांशी थेट बोलतात, त्यामुळे एक उपकरण बिघडले तर तेवढेच बिघडते. बिनतारी बाजूला ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ या समाईक मानकाची पहिली आवृत्ती आली. निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरशिवाय, एकमेकांना ओळखावीत हा तिचा हेतू आहे, आणि उपकरण घेताना ते या पद्धतीने चालते का हे पाहणे शहाणपणाचे आहे.

घराने रहिवाशांच्या सवयी स्वतः शिकाव्यात का? १९९० च्या दशकात अमेरिकेतील बोल्डर येथे संगणकशास्त्रज्ञ मायकेल मोझर यांनी स्वतःच्या राहत्या घरात हा प्रयोग केला. न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे अनुभवातून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यावर, चालणारी त्यांची यंत्रणा दोन किमती तोलत असे: खर्च झालेली ऊर्जा आणि रहिवाशाची गैरसोय. रहिवाशाने हाताने दिवा वाढवला की ती गैरसोयीची नोंद होई. आणि यंत्रणा अधूनमधून मुद्दाम उजेड थोडा कमी करून पाही, की कोणी तक्रार करते का. प्रयोग म्हणून हे विलक्षण आहे. पण पाच माणसांच्या घरात गैरसोय कोणाची मोजायची? आईंना ऊब हवी, मुलांना वारा हवा, आणि जो बटणाजवळ बसतो त्याचीच सवय घर शिकते. म्हणून मी शिकण्याचे क्षेत्र आखून देतो. भिंती तापायला किती वेळ लागतो, उद्याच्या हवामान अंदाजावरून आज रात्री खिडक्या किती वेळ उघड्या ठेवाव्यात, हे घराने खुशाल शिकावे. ते घराचे स्वतःचे शरीर आहे. माणसांनी केव्हा झोपावे, कोणत्या उजेडात बसावे, याचा अंदाज त्याने बांधू नये. हाताने दिलेला आदेश किमान दोन तास, किंवा माणूस खोलीबाहेर जाईपर्यंत, अबाधित राहिला पाहिजे. आपण बंद केलेली खिडकी घराने पाच मिनिटांत पुन्हा उघडली, तर तिसऱ्या दिवशी कोणीही त्या यंत्रणेवर विश्वास ठेवत नाही.

बिघाडाचा विचार मात्र मी नकाशाइतक्याच गांभीर्याने करतो, कारण एकदा तोंडघशी पडलो आहे. एका घरात रात्री वीज गेली आणि पहाटे तीनला आली. घरातले एकूण एक दिवे पूर्ण तेजाने पेटले; तान्हे बाळ रडत उठले, कुत्रा भुंकू लागला, आणि सकाळी सात वाजता मला फोन आला. ‘डाली’च्या दिव्यांना वीज परत आल्यावर कोणत्या पातळीवर जायचे याची नोंद असते आणि कारखान्यातून येताना ती पूर्ण प्रकाशाची असते. आम्ही ती बदललीच नव्हती. आता प्रत्येक हलत्या वस्तूसाठी मी एक तक्ता करतो: वीज गेली तर ती कुठे थांबेल, परत आली तर काय करेल, सेन्सर मुका झाला तर काय समजेल, मोटार अडली तर हाताने कशी फिरवता येईल. खिडकीत बोट सापडले तर मोटार उलटी फिरली पाहिजे, आणि लहान मुलांच्या घरात ही चाचणी मी लाकडी दांडा घालून स्वतः करून पाहतो. बाहेर पडण्याचे दार आतून कोणत्याही विजेशिवाय, एका हाताने उघडले पाहिजे. यावर मी तडजोड करत नाही.

खासगीपणाबद्दल लोक कॅमेऱ्याची काळजी करतात आणि बाकीचे विसरतात. निजायच्या खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख पाहून तिथे किती माणसे, किती वाजेपर्यंत होती हे कोणीही जाणकार सांगू शकतो. त्यामुळे सर्व मोजमाप घरातल्याच लहान संगणकावर राहावे, बाहेर फक्त हवामानाचा अंदाज आणण्यापुरता संपर्क असावा, उपकरणांचे जाळे तुमच्या कामाच्या संगणकांपासून वेगळे असावे, आणि जुन्या नोंदी काही आठवड्यांनी पुसल्या जाव्यात. इंटरनेट तोडून दोन दिवस घर वापरून पाहा. जे बंद पडेल ते घराचे नव्हतेच.

तुमच्या वास्तुविशारदांकडे या आठवड्यात मागण्यासारख्या गोष्टी त्यामुळे फार नाहीत. वर सांगितलेले तासागणिक प्रारूप स्वयंचलनाशिवाय चालवून मागा; पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून झडप लावता येईल अशी खाच ठेवायला सांगा; मुलांच्या खोलीवरची तुळई टांगत्या भिंतीचे वजन धरून काढायला सांगा; आणि स्लॅब ओतण्यापूर्वी कन्ड्युटचा स्वतंत्र नकाशा तुमच्यासमोर ठेवायला सांगा. राहायला गेल्यावर पहिले काही आठवडे यंत्रणेला फक्त मोजू द्या, काहीही हलवू देऊ नका. त्यानंतर एकेक नियम चालू करा, एकाच वेळी दोन नको, आणि चारही ऋतू पाहिल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे देयक चुकते करू नका. नियमांची छापील प्रत, प्रत्येकामागचे कारण आणि शेवटच्या बदलाची तारीख घालून, मुख्य वीजपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. दहा वर्षांनी मी नसेन, ॲप नसेल, पण ती पेटी उघडणारा इलेक्ट्रिशियन कोणीतरी असेलच.